कोथिंबिरीपासून चाकापर्यंतचं अंतर

माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, इथपर्यंतची हकीकत आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे, कारण ती मीच एकेकाला जिन्यात गाठून सांगितली होती. त्यापुढची हकीकत मी कुणालाच सांगितली नाही, तरी तीही सगळ्यांना माहीत आहे. फक्त मजल्यागणिक वेगळी. पहिल्या मजल्यावर मला अटक झाली होती, दुसऱ्यावर मी गाडीतून पडलो होतो, आणि तिसऱ्यावर दोन्ही. तेव्हा खरं काय ते एकदाचं सांगून टाकावं.

मी सिद्धाराम हिप्परगी. एकतीस वर्षं भूकरमापक होतो. म्हणजे लोकांच्या जमिनी मोजायच्या आणि दोन भावांच्या मधला बांध नक्की कुठे आहे ते सांगायचं. मोजणी होईपर्यंत दोघं भाऊ एकमेकांना शिव्या देतात, मोजणी झाली की दोघं मिळून मोजणाऱ्याला देतात. पण माझ्या मोजणीत कधी वीतभराचीही चूक निघाली नाही. "हिप्परगींची फीत म्हणजे फीत," असं माढा तालुक्यात अजून बोललं जातं. निदान माझ्या निरोप समारंभात तरी साहेब तसं बोलले होते.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. आमच्या वयाच्या माणसांना डॉक्टर रोज चालायला सांगतात, आणि नुसतंच चालायची लाज वाटते. गळ्यात कॅमेरा असला की माणूस रिकामटेकडा दिसत नाही. त्या कॅमेऱ्याबरोबर एक लांबलचक भिंग मिळालं. ते लावलं की समोरच्या बिल्डिंगमधल्या गॅलरीतली मिरची मोजता येते. मी मोजलीही. मग त्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीचा फोन आला.

शहरात 'दृष्टिक्षेप' नावाचं हौशी छायाचित्रकारांचं मंडळ आहे. दरवर्षी स्पर्धा भरते आणि दरवर्षी मडिवाळप्पा नावाचे चित्रकलेचे निवृत्त सर तळ्यावरचा सूर्यास्त पाठवून पहिलं बक्षीस नेतात. यंदा विषय होता 'आपला जिल्हा, आपलं जगणं'. मडिवाळप्पा सर याही विषयावर सूर्यास्तच पाठवणार, याची मला खात्री होती. मला काहीतरी जिवंत हवं होतं.

ते मला कुर्डुवाडीला एका लग्नाला जाताना सापडलं. पॅसेंजरला बोरमाळ नावाचा हॉल्ट लागतो. त्याच्या अलीकडे रूळ मोठं वळण घेतात आणि त्या वळणाच्या पोटात दर मंगळवारी बाजार भरतो. ताडपत्र्या, मिरच्यांचे ढीग, बांगड्या, कोंबड्या, कोयत्याला धार लावणारा, सगळं खिडकीतून झपकन येतं आणि जातं. मी ताडकन उठून उभा राहिलो.

"मेथी चांगली दिसतीय," महानंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "येताना उतरून घेऊ."

"मेथी नाही, फोटो घ्यायचाय. चालत्या गाडीतून."

"उतरून काढा की. बाजार कुठं पळून चाललाय?"

तिला मी समजावून सांगितलं की उतरून काढला तर लोक आपल्याकडे बघतात, पदर सारखा करतात, नैसर्गिकपणा जातो. सामान्य माणसाचं जगणं टिपायचं असेल तर सामान्य माणसापासून थोडं लांब राहावं लागतं.

"आणि आपण कोण?" तिने विचारलं.

मी भिंगावरचं झाकण पुसत बसलो. कलेतल्या काही गोष्टी बायकोला समजावता येत नाहीत.

सोसायटीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरचा अमरेश घरी बसून पुण्याच्या कंपनीत नोकरी करतो, त्यामुळे त्याला सगळ्या विषयांना वेळ असतो. शटरचा वेग किती ठेवू, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, "काका, शटर हजाराच्या वर ठेवा, नाहीतर बाजाराची नुसती चटणी येईल." तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, आधी व्हिडिओ काढा, मग त्यातून फोटो कापून घ्या, साडीतून ब्लाऊजपीस कापतात तसा. एकाने तर साखळी ओढायचाच मार्ग सुचवला. तो माणूस सोसायटीचा खजिनदार आहे, हे मला तेव्हापासून सलतं.

फक्त शेजारचे गैबीसाब गप्प होते. त्यांनी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात आयुष्य काढलं. सगळ्यांचं झाल्यावर ते म्हणाले, "हिप्परगीसाब, दरवाजात उभा राहणारा माणूस दोनच ठिकाणी पोचतो. घरी, नाहीतर पेपरात."

"मला पेपरातच यायचंय," मी म्हणालो.

"तसं नाही म्हणालो मी," गैबीसाब म्हणाले, आणि माझ्याबरोबर यायला तयार झाले. दर मंगळवारी मी दरवाजात उभं राहायचं आणि त्यांनी मागून माझा कमरेचा पट्टा धरायचा, असं ठरलं.

पहिल्या मंगळवारी मी दोनशे चौदा फोटो काढले. त्यात एकशे साठ विजेचे खांब होते. आपल्याकडे एवढं विद्युतीकरण झालेलं आहे, याची मला कल्पना नव्हती. उरलेल्यांत एका सहप्रवाशाचा कान होता. वेगवेगळ्या कोनांतून, पण एकच कान. हा गृहस्थ तंबाखू थुंकायला नेमका बोरमाळच्या वळणावर दरवाजात यायचा. दुसऱ्या मंगळवारी ऐन वेळेला शेजारच्या रुळावरून मालगाडी आली आणि मला कोळशाचे अठ्ठावन्न फोटो मिळाले. तिसऱ्या मंगळवारी तिकीट तपासनीस आला. तिकीट नीट होतं, म्हणून त्याने माझ्याकडे बघून गैबीसाबांना विचारलं, "यांना कुठं घेऊन चाललाय?" पट्टा धरलेला बघून त्याचा काहीतरी गैरसमज झाला होता. गैबीसाबांनी तो दूर केला नाही. उलट म्हणाले, "काही नाही साहेब, मंगळवारी जरा जास्त असतं."

चौथ्या मंगळवारी रेल्वे पोलिसांच्या एका शिपायाने अडवलं. "परवानगी आहे का?"

"कशाची?"

"ते तुम्ही सांगायचं."

मी सरकारी माणूस. परवानगी हा शब्द ऐकला की मला आपोआप अर्ज सुचतो. ज्या कार्यालयात तो दिला त्याचं नाव घेत नाही, कारण मला तिथे अजून जावं लागणार आहे. अर्ज एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला, गाडीचा वेग नमूद नाही म्हणून परत आला, वेग नमूद केल्यावर तो मला कसा माहीत अशी विचारणा आली. शेवटी सहीशिक्क्याचं पत्र हाती पडलं. त्यात लिहिलं होतं, "चालत्या गाडीतून छायाचित्रण करण्यास या कार्यालयाची हरकत नाही, मात्र छायाचित्रणाच्या वेळी गाडी थांबलेली असावी." हे पत्र मी खिशात ठेवू लागलो. पुढे ते तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा समोरच्याने ते पूर्ण वाचून, मान हलवून परत दिलं.

नवव्या मंगळवारी फोटो मिळाला. गाडी वळणावर आली, पुढचे डबे कमानीसारखे वळले, मी ते लांब भिंग त्यांच्यावर रोखलं. त्या डब्यांच्या चाकांपुढे एक बाई पाठमोरी बसली होती. तिने कोथिंबिरीची जुडी हातात उंच धरली, गिऱ्हाइकाला दाखवायला असेल. त्याच क्षणी मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी माझ्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. गैबीसाब पट्टा हातात घेऊन मागे बाकावर आदळले, मी दांडीला लटकलो. पण फोटो आला होता. चाकाला कोथिंबीर जवळजवळ टेकलेली. चाक जरा फिरलं की जुडी गेलीच, असं वाटावं.

घरी मोठ्या पडद्यावर बघितला तेव्हा माझे डोळे भरून आले. त्याला मी नाव दिलं, 'मरणाच्या काठावरची कोथिंबीर'.

बक्षीस मलाच मिळालं. परीक्षक भाषणात म्हणाले, "चाक आणि कोथिंबीर यांच्यात दोन बोटांचं अंतर आहे, आणि त्या दोन बोटांत आपला अख्खा समाज उभा आहे." मडिवाळप्पा सरांना दुसरं बक्षीस मिळालं. सूर्यास्तच होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली माझं नाव, आणि 'निवृत्त भूकरमापक' हेही. मी अकरा प्रती आणल्या. महानंदाने फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "जुडी ताजी आहे."

चार दिवसांनी बोरमाळच्या सरपंचांचा फोन आला. रावजी त्यांचं नाव. आवाजात साखर. "तुमी आमचं गाव जगाला दावलंत सायेब. गावाला तुमचा सत्कार करू द्या." न्यायला गाडी पाठवली. ती बायपासने सरळ एका नव्याकोऱ्या इमारतीसमोर जाऊन थांबली. ही बोरमाळची नवी मंडई. चाळीस पक्के गाळे, चाळीस लोखंडी शटरं, आणि आत एकही माणूस नाही. गावापासून दीड मैल लांब, हॉल्टपासून त्याहून लांब. पण सत्काराला गेलेल्या माणसाने इमारत रिकामी का, असं विचारायचं नसतं. मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि बोलायला माईक मिळाला.

माईक ही वाईट गोष्ट आहे. एकतीस वर्षं मी जे बोललो ते फूट आणि इंचांत बोललो. त्या दिवशी मी म्हणालो की मृत्यू रोज या माउल्यांच्या कोथिंबिरीपासून दोन बोटांवरून धडधडत जातो. मी म्हणालो की हे दोन बोटांचं अंतर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. समोर पंधरावीस लोक होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. रावजींनी सगळ्यात जास्त. जाताना त्यांनी माझं भाषण मोबाइलवर घेतल्याचं सांगितलं. मला बरं वाटलं. कुणीतरी जपून ठेवतंय म्हटल्यावर वाटणारच.

पुढच्या आठवड्यात, दुपारचं जेवण होऊन जरा पडलो होतो, तर दारावरची बेल वाजली. दारात साठीची एक बाई उभी होती, हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हातात घडी घातलेला पेपर.

"फोटू काडणारं हिप्परगी हितंच ऱ्हात्यात व्हय?"

मी शर्ट घातला. तिला सोफ्यावर बसायला सांगितलं, ती खाली फरशीवर बसली. महानंदाने तिला हाताला धरून वर बसवलं आणि चहा टाकायला गेली.

"मी नागव्वा," बाई म्हणाली. पेपर उघडून फोटोवर बोट ठेवलं. "ही पाट माजी हाय."

मला गहिवरून आलं. कलावंताच्या आयुष्यात असा क्षण क्वचित येतो. मी आत जाऊन फोटोची मोठी प्रत आणली, खाली 'नागव्वांस, सस्नेह' असं लिहून झोकदार सही केली आणि दोन्ही हातांनी तिला दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि पोलक्यातून दुसरा एक कागद काढला.

"आता ह्येच्यावर काय ल्हिवलंय त्ये वाचा."

ती ग्रामपंचायतीची नोटीस होती. बोरमाळचा आठवडी बाजार रुळाला खेटून भरत असल्याने जीवितास धोका, सबब पुढील महिन्यापासून बाजार नवीन मंडईत हलवण्यात येत आहे. सोबत छायाचित्र. आणि त्याखाली, "मोजणीतील तज्ज्ञ श्री. सिद्धाराम हिप्परगी, निवृत्त भूकरमापक, यांनी सदर अंतर दोन बोटे असल्याचे जाहीर सभेत सांगितले आहे."

मी ती ओळ दोनदा वाचली. 'तज्ज्ञ' हा शब्द माझ्या नावामागे नोकरीत कधी लागला नव्हता.

"आमची गिऱ्हाइकं गाडीनं येत्यात," नागव्वा सांगत होती. "गाडीतनं उतरायचं, बाजार करायचा, दुसऱ्या गाडीनं जायाचं. त्या गाळ्यापतूर कोण चालत येतंय? तितं कुत्रं बी जात न्हाय. गाळं खपंनात, म्हून आमाला ढकलाय लागल्यात."

"पण नागव्वा, रुळाला इतकं खेटून बसणं धोक्याचं नाही का?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. डोकं ठिकाणावर आहे का, हे जसं आपण बघतो तसं.

"मदला नाला कुटं गेला?"

"कुठला नाला?"

"आमच्या आन् रुळाच्या मदी नाला हाय की. बारा महिनं पाणी असतंय. म्हस पवती त्येच्यात. तुमच्या फोटूत न्हाय त्यो."

मी फोटो हातात घेतला. नाला नव्हता. चाक होतं, कोथिंबीर होती, मध्ये दोन बोटं होती.

"तुमी कदी आलासा का बाजारात?" तिने विचारलं.

चहा घेऊन आलेल्या महानंदाने माझ्या वतीने उत्तर दिलं. "नऊ मंगळवार गेलेत ते. एकदाही उतरले नाहीत."

महानंदा रात्रभर ऐकवेल म्हणून मी त्याच संध्याकाळी अमरेशला विचारून घेतलं. तो सहज म्हणाला, "काका, लांब भिंगाने असंच होतं. मागचं आणि पुढचं एकमेकांना चिकटल्यासारखं येतं. मधली जागा दबते." जणू ही गोष्ट सगळ्या जगाला माहीत आहे. मग मला आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाला, "तुम्ही फक्त शटरचं विचारलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी जुनी फीत काढली आणि बोरमाळला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या हॉल्टवर उतरलो. बाजाराचा दिवस नव्हता, पण नागव्वा आली होती. तिने तिची बसायची जागा दाखवली आणि फितीचं टोक धरलं. रुळापर्यंत जायला मनाई, म्हणून मी नाल्याच्या अलीकडूनच काटकोन मांडून अंतर काढलं, अगदी नोकरीत काढत होतो तसं. तीनदा काढलं. साडेएकसष्ट फूट. मध्ये नाला एकोणीस फूट, आणि नाल्यात, बाई म्हणाली तशी, म्हैस.

साडेएकसष्ट फुटांना मी माईकवर दोन बोटं म्हणालो होतो. नोकरीत कुणी एवढी चूक केली असती तर मी त्याला शेतातूनच हाकलला असता.

नागव्वा आणि बाजारातल्या लोकांनी नोटिशीवर हरकत घेतली होती, तिची सुनावणी तालुक्याला नायब तहसीलदारांसमोर होती. ऋतुजा मॅडम म्हणत त्यांना. वय माझ्या नोकरीपेक्षा कमी, पण टेबल स्वच्छ. एका बाजूला रावजी माझं भाषण मोबाइलमध्ये घेऊन बसले होते, दुसऱ्या बाजूला नागव्वा आणि बाजारातली दहाबारा माणसं. मी उभा राहून अंतर सांगितलं.

"मोजणी अधिकृत आहे का?" मॅडमनी विचारलं.

"मी निवृत्त आहे. पण एकतीस वर्षं..."

"म्हणजे नाही. अधिकृत मोजणीसाठी अर्ज करा, सहाएक महिन्यांनी तारीख लागेल." हे मला सांगायची गरज नव्हती. अशा तारखा मीच लोकांना दिल्या होत्या.

"सायेबांनी सोता सांगितलंय की दोन बोटं," रावजी म्हणाले आणि मोबाइल सुरू केला. माझाच आवाज कचेरीत घुमला. माउल्या, मृत्यू, धडधड. कुणीतरी खोकलं.

"तेव्हा खरं बोललात की आत्ता?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता. फोटो चुकीचा आहे. म्हणजे फोटो चांगला आहे, पण चुकीचा आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग मला दाखवा. त्याच गाडीतून, त्याच दरवाजातून, तेच भिंग लावून. येत्या मंगळवारी मी येते."

अशा रीतीने जिल्ह्याच्या इतिहासातला बहुधा पहिला चालत्या गाडीतला पंचनामा ठरला. मंगळवारी एका डब्याच्या दरवाजात ऋतुजा मॅडम, कागद घेतलेला त्यांचा कारकून, रावजी, नागव्वा, मी, आणि माझा नवा पट्टा धरलेले गैबीसाब, एवढे जण दाटीवाटीने उभे होतो. तंबाखूवाले गृहस्थही आले. त्यांना पंच म्हणून घेतलं. कारकुनाने नियमाप्रमाणे परवानगी विचारली, मी खिशातलं पत्र दिलं, त्याने पूर्ण वाचलं, मान हलवली आणि पंचनाम्याला जोडलं.

वळण आलं. मी भिंग लावलं आणि फोटो काढला. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर तो मॅडमना दाखवला. भीतीच वाटावी असा फोटो होता. या वेळी चाकाला टोमॅटो टेकले होते.

"बगा," रावजी म्हणाले.

मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मग मान वर करून बाहेर बघितलं. नाला समोरून चालला होता, रुंद, हिरवा, काठावर दोन बगळे. पलीकडे लांब बाजार, माणसं बोटाएवढी.

"डोळ्यांनी तर नाला दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "लिहा."

कारकून अडला. "मॅडम, डोळ्यांनी दिसल्याचं जोडपत्र कसं लावायचं? त्यांच्याकडे फोटो आहे. आपल्याकडेही काहीतरी पाहिजे."

हे बरोबर होतं. सरकारदरबारी डोळ्याला किंमत नाही, कागदाला आहे. मी घाईघाईने दुसरं भिंग शोधू लागलो, पिशवीची चेन अडकली. वळण संपत आलं होतं. तेवढ्यात कारकुनाने वरच्या खिशातून आपला मोबाइल काढला, हात दरवाजाबाहेर केला आणि न बघताच एक फोटो घेतला.

त्या फोटोबद्दल मला थोडं बोललंच पाहिजे. क्षितिज वाकडं होतं. डाव्या कोपऱ्यात कारकुनाचा अंगठा होता. रचना नावाची गोष्ट औषधालाही नव्हती. पण त्यात खाली रूळ दिसत होता, मग खडी, मग सबंध नाला, मग मोकळी जागा, आणि त्या सगळ्यापलीकडे बाजार. नऊ मंगळवार भिंगाला डोळा लावून मला जे दिसलं नाही ते त्या माणसाने अंगठ्यासकट एका फटक्यात काढलं होतं.

"हां, हे लावा," मॅडम म्हणाल्या.

बोरमाळचा हॉल्ट आला तसे आम्ही उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर बसून कारकुनाने पंचनामा पुरा केला. शेवटी माझ्यापुढे धरला. "सदर बक्षीसपात्र छायाचित्र वस्तुस्थितीस धरून नाही, तसेच जाहीर सभेत सांगितलेले अंतर मी न मोजता सांगितले होते, हे मला मान्य आहे." खाली माझ्या नावासाठी जागा सोडली होती.

मी पेन घेतलं आणि थांबलो. सही केली की बक्षीस जाणार, हे उघड होतं. पण मला त्याहून दुसरी ओळ खुपत होती. न मोजता. एकतीस वर्षांत हा शब्द माझ्याबद्दल कुणी लिहिला नव्हता, अगदी मोजणीनंतर शिव्या देणाऱ्या भावांनीसुद्धा नाही. रावजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सायेब, कशाला नावाला बट्टा लावून घ्याचा? जाऊ द्या. म्हातारी चार दिवस बोंबलंल, मग जाईल गाळ्यात." बोलणं आपुलकीचं होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलंही. काही न करणं हे किती सोयीचं असतं ते नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको.

नागव्वा माझ्याकडे बघतही नव्हती. गाडीतून उतरलेली गिऱ्हाइकं बाजाराकडे निघाली होती आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं, आपला माल कोण सांभाळतंय या काळजीने.

मी सही केली. तारीख घातली. 'न मोजता' खाली कारकुनाने रेघ मारली होती, ती पुसायला सांगितली. त्याने पुसली नाही.

बाजार जागच्या जागी राहिला. रावजींनी मला नमस्कार करणं सोडलं. मंडळाने तातडीची बैठक घेऊन बक्षीस परत मागवलं आणि ते मडिवाळप्पा सरांना दिलं. ते स्वतः सांत्वनाला आले आणि म्हणाले, "हिप्परगी, सूर्य कधी जवळ येत नाही. म्हणून मी त्याच्याच नादाला लागतो." मला त्यांचा राग आला, पण वाक्य चांगलं होतं.

पण सरकारी काम असं सहजासहजी संपत नाही. बाजार कायम करायचा तर तिथे बसणाऱ्या प्रत्येकाने अर्ज करावा, सोबत पासपोर्ट आकाराचा फोटो जोडावा, असा आदेश निघाला. नागव्वाने मला निरोप धाडला, कॅमेरा घेऊन या. मी गेलो, आणि उतरलो. शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे एक स्टूल ठेवलं आणि सकाळपासून एकेकाला बसवत गेलो. बांगडीवाल्या कमरबी, धार लावणारे आण्णा, कोंबड्यांवाले, मसालेवाले. कुणी हलत नव्हतं. मागून कुणी पट्टा धरला नव्हता. सगळे फोटो चांगले आले आणि त्यातला एकही कुठल्या स्पर्धेला पाठवता येण्याजोगा नव्हता.

नागव्वा सगळ्यात शेवटी बसली. केस पाण्याने चापून बसवून आली होती. मी तिचा चेहरा नीट मध्यभागी घेतला, काही जवळ आणलं नाही, काही लांब नेलं नाही, आणि फोटो काढून तिला दाखवला. तिने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

"ह्यात मी लई म्हातारी दिसतीया."

"नागव्वा, जसं आहे तसंच घेतलंय," मी म्हणालो. "या वेळी मोजून घेतलंय."

तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि पदर सारखा करत स्टुलावरून उठली.

"मग गाडीतनंच काडा की."